ढेमशी भुंकली नाही

तुम्ही न पाहता लिहिलंत, साहेब. भर उन्हात, हातात पेन धरून, दहा पावलांवर उभे होतात, आणि तरी पाहिलं नाहीत. ‘भित्री. भुंकत नाही. राखणीस निरुपयोगी.’ एवढ्यात तुम्ही एका कुत्रीचा निकाल लावला, आणि तिच्या भरवशावर रानाकाठी कापूस वेचणाऱ्या अकरा बायांचाही. तुमचं नाव इथं लिहायची गरज नाही. अशा ओळी लिहिणाऱ्याला साहेब म्हटलं की पुरतं.

झालं ते असं.

पांढरकवड्याच्या अलीकडं डांबरी सडक सोडून आत गेलं की बबनरावांचं वावर लागतं. तीन बाजूंनी शेजाऱ्यांचे धुरे, म्हणजे बांध, चौथ्या बाजूला नाला, नाल्यापलीकडं जंगल. कापसाच्या दर सहा तासांमागं, म्हणजे ओळींमागं, एक तास तुरीचं. दिवाळीनंतर ती तूर माणसाच्या डोक्यावर जाते. आत बैल उभा केला तरी दिसायचा नाही. या वावरात वेचणीला शीलाची टोळी असायची. शीला पन्नाशीला टेकलेली, आवाजाची खणखणीत. मालकाशी बोलणी करण्यापासून बायांची भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं तिच्याकडं. आणि टोळीच्या पुढं चालायची ती तिची कुत्री, ढेमशी.

ढेमशीची आई गावातली, उकिरड्यावर वाढलेली. बाप हायवेवरच्या ढाब्यावरचा, गळ्यात पट्टा, कोण्या भारी जातीचा म्हणे. पिल्लू होती तेव्हा ढेमशासारखी गोल, म्हणून हे नाव पडलं. मोठी झाली तशी आईचे काटकुळे पाय आणि बापाची झुपकेदार शेपूट घेऊन निघाली. एक कान उभा, एक पडका. लोक हसायचे. शीला म्हणायची, हसा बाप्पा, कुत्रं राखणीले ठेवलं मी, लग्नाले नाही उभं केलं.

दोन वर्षांआधी टोळीतली सर्वांत म्हातारी इंदूबाई तासाच्या टोकाला वाकून वेचत होती. ढेमशीनं येऊन तिचा पदर दातात धरला आणि मागं ओढला. इंदूबाईनं तिला शिव्या घातल्या, ढेकूळ उचललं, मारायला म्हणून सरळ उभी राहिली, तर समोर तुरीत पट्टे. पंधरा पावलांवर. वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतं. उभं झालं की त्याला माणूस दिसतो. वाघानं पाहिलं, मान फिरवली, नाल्यात उतरला. एवढं होईस्तोवर ढेमशीनं तोंडातून आवाज काढला नव्हता. रानडुक्कर आलं तर हीच कुत्री शिवार डोक्यावर घ्यायची. वाघ असला की गप्प. त्या दिवसापासून टोळीचा कायदा ठरून गेला. ढेमशी गप्प होऊन पायाशी आली की कंबर सरळ करायची, एकमेकींजवळ यायचं, आणि तुरीला पाठ न दाखवता धुऱ्यावर निघायचं. कोणी कोणाला विचारायचं नाही.

यंदा नाल्यात एक गोऱ्हा मारला गेला, आणि मग वनखात्याच्या कार्यालयाला गावाची आठवण आली. फर्मान निघालं. गावातली मोकाट कुत्री वाघाला ओढून आणतात, ती गाडीत भरून नेणार. त्यांच्या जागी राखणीला एक जातिवंत, शिकवलेलं कुत्रं देणार. गावात नोंद एकाच कुत्र्याची, तेच राहणार. निवड मात्र गावाची, आणि बायांच्या वतीनं सही शीलाची.

शीला ग्रामसभेत उभी झाली. निवड म्हणता, तर दोन्ही कुत्री पारखून पाहा, म्हणाली. फर्मान घेऊन आलेले साहेब हसले. पाहू की, म्हणाले, तेवढीच गंमत.

पारखायचा दिवस आला. धुऱ्यावर कुत्री न्यायची जाळीची गाडी आधीच लावून ठेवली होती, मागचं दार उघडं. निकाल कोणाच्या खिशात होता ते त्या दारानंच सांगितलं. मेजर नावाचं अल्सेशियन घेऊन कपिल आला. तो त्याला शिकवणारा, तिशीतला, यवतमाळचा. मेजर देखणा होता, त्यात खोट काढायचं काम नाही. शीलाचं त्याच्याशी वैरही नव्हतं. धापा टाकताना पाहून तिनंच आपल्या डब्यातलं पाणी त्याला पाजलं.

पिंजऱ्यातल्या वाघाच्या अंगाखालचं गवत एका पोत्यात भरून तुरीच्या तासात ठेवलं होतं. बायांना सांगितलं होतं, रोजच्यासारखं वेचा. आधी मेजरला पुढं नेलं. वास लागताच तो असा भुंकला की नाल्यापलीकडचे मोर ओरडले. साखळी ताणून तो तुरीकडं झेपा घेऊ लागला. कपिलच्या टाचांनी जमिनीत रेघा पडल्या. साहेबांनी दहापैकी दहा लिहिले.

मग ढेमशी. चार पावलं गेली आणि थांबली. पाठीवरचे केस उभे झाले. आवाज नाही. उलटी फिरली, शीलाच्या गुडघ्यांना आडवी लागली आणि तिला पुढं पाऊल टाकू देईना. तिथून इंदूबाईकडं, तिथून पुढच्या बाईकडं. अकरा कंबरा सरळ झाल्या. अकरा जणी एकमेकींजवळ आल्या आणि तोंडं तुरीकडं ठेवून, कमरेला बांधलेल्या ओटीत अर्धा कापूस तसाच, धुऱ्याकडं सरकू लागल्या. पोत्यात गवत आहे हे त्यांना माहीत होतं. तरी सरकल्या. पायच तसे शिकले होते.

साहेबांनी बबनरावांना विचारलं, बायांनी काम का थांबवलं, जेवायची सुट्टी झाली का. आणि खाली मान घालून त्या तीन ओळी लिहिल्या.

कागद शीलापुढं आला. तिनं अक्षर अक्षर लावून वाचला.

"भित्री लिहिलं तुम्ही," ती म्हणाली.

"घाबरली ती. सगळ्यांनी पाहिलं."

"भेलीच ना. वाघाले भ्यायचं नाही त कोणाले भ्यायचं, साहेब? तुमचा मेजर भेत नाही. तो अंगावर जाईन, वाघ त्याच्या मागं लागन, अन् हा पळत येईन कुठं? आमच्यातच ना?"

साहेब म्हणाले, हे तज्ज्ञांनी ठरवलेलं आहे. शीलानं कपिलकडं पाहिलं. कपिलनं साखळी हाताला आणखी एक वेढा दिला. म्हणाला, "मावशी म्हणते ते खोटं नाही, सर. याले माणूस पकडायले शिकवलं आपण. वाघाचं कोणीच नाही शिकवलं." साहेबांनी त्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलं. तो गेला नाही.

बबनरावांचा कापूस फुटून लोंबत होता, त्यांना भांडण परवडत नव्हतं. ते शीलाच्या कानाशी आले. "शीलाबाई, सही करून टाक. चार दिवस कुत्री घरात दडवून ठेव. कोण पाह्यते?"

"कायले दडवू, भाऊ? चोरीची हाय का? तिच्यानं तुमच्या वावरात आजवर बाई मेली नाही. हे मोठ्यानं सांगायचं सोडून तिले गोधडीखाली लपवू?"

बबनराव मागं सरकले. गाडीवरचा माणूस फास घेऊन उतरला तशी इंदूबाई कोणाला न विचारता ढेमशीपुढं जाऊन उभी राहिली. तिच्या बाजूला दुसरी, मग बाकीच्या. त्या माणसानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडं.

शीलानं कमरेची ओटी सोडली, झटकली आणि साहेबांपुढं धरली.

"बांधा. ते तुरीचं तास दिसते ना, त्याले लागून दहा बोंडं वेचून आणा. वाकून वेचा, उभ्यानं नाही. मेजर घेऊन जा संगं."

"काय तमाशा आहे हा?"

"तमाशा नाही. गवतच त हाय तिथं, साहेब. तुमीच ठेवलं."

साहेबांनी तुरीकडं पाहिलं. शेंगांचे घोस हलत होते, वाऱ्यानंच. त्यांनी हात पुढं केला नाही. ओटी शीलाच्या हातात तशीच लोंबत राहिली, आणि बाया पाहत राहिल्या की माणूस नुसत्या गवताला किती वेळ भितो.

शेवटी शीलानं त्यांच्याच हातातला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.

"आमची सही मांगता ना? पह्यले तुमी लिहा. या वावरात तुमची माय वाकली असती, त तिच्याजवळ कोणतं कुत्रं पाह्यजे होतं तुमाले? नाव लिहा त्याचं, अन् खाली सही करा तुमची. आमी हाओत इथंच उभ्या. बोला साहेब, कोणतं?"