डॉलर नावाची गाय

काष्टीतल्या जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात मेहरीन नोंदी ठेवायची. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून ती कॉम्प्युटरचे छोटे प्रोग्राम लिहायला शिकली होती. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचा दिवस ठरला, तेव्हा तिनं डॉक्टर सुनील यांना सांगितलं की यंदा फोन करत बसायला नको. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर लशीची पाळी आलेल्या त्याच्या गाईचं नाव घालून मेसेज जाईल.

मजकुरात जिथं नाव यायचं तिथं तिनं डॉलरचं चिन्ह काढून पुढं ‘गाय’ लिहिलं. प्रोग्रामनं तिथं यादीतलं एकेक नाव भरायचं, असा तिचा हिशेब. लसीकरणाच्या दिवशी सकाळी सातला तिनं बटण दाबलं. साठजणांना मेसेज गेले.

पाचच मिनिटांत कारभारी तात्यांचा फोन आला.

“मेहरीन, ही डॉलर गाय कुठली गं? आमच्या गोठ्यात लक्ष्मी हाय, राधी हाय. डॉलर न्हाई.”

मेहरीननं स्वतःच्या मोबाईलवर मेसेज पाठवून बघितला. ‘तुमच्या गोठ्यातली $गाय, हिला आज लस द्यायची आहे. दवाखान्यात घेऊन या.’ त्या जागेला दिलेलं नावच चुकलं असेल म्हणून तिनं ‘गाय’ खोडून ‘जनावर’ केलं. आता मोबाईलवर डॉलर आणि जनावर आलं. यादी तपासली, ती बरोबर होती. तोवर फोनवर फोन येत होते आणि प्रत्येकाला ती तोंडी नाव सांगत होती.

शेवटी तिनं आपलाच एक जुना, नीट चालणारा प्रोग्राम उघडून शेजारी ठेवला. एकेक अक्षर ताडून बघताना फरक सापडला. तिथं मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत होता, इथं एकेरी. दोन्ही सारखीच, असं ती इतके दिवस समजत होती. पण दुहेरीत नाव भरलं जायचं आणि एकेरीत लिहिलेलं जसंच्या तसं जायचं. दोन्ही टोकांची चिन्हं बदलायची आणि ‘जनावर’चं परत ‘गाय’ करायचं, एवढीच दुरुस्ती होती. ती करून मान वर केली, तर बाहेर टेम्पो लागत होते.

कुठली गाय ते न कळल्यानं निम्म्या लोकांनी अख्खा गोठाच आणला होता. मेहरीन डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली आणि चूक आपली आहे म्हणाली. डॉक्टरांनी बाहेर नजर टाकली, लशीच्या पेटीत डोकावून बघितलं.

“पुरेल. बाटली उघडली की आजच संपवावी लागते, दरवेळी उरलेली टाकून देतो आपण. घे लिहून.”

दुपारपर्यंत रांग चालली. यादीत नसलेली एकवीस जनावरं निघाली. कुणी बाजारातून नवी आणलेली, कुणाची सांगायची राहून गेलेली. भागूबाईंची कालवड तर महिन्यापूर्वी विकत आणलेली, तिची दवाखान्यात कुणाला खबरच नव्हती.

“काय नाव लिहू, मावशी?” मेहरीननं विचारलं.

“ठिवलंच न्हाई अजून,” भागूबाई म्हणाल्या. मग कालवडीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून त्यांनी हात फिरवला. “चांदी लिही. बरं वाटतं ना?”

मेहरीनला बरंच वाटलं. तिनं चांदी लिहिलं, लशीची तारीख घातली आणि पुढच्याला बोलावलं.