शिवणीतला ताईत

उरुसात आमचे शेख गायला उभे राहिले की मी पहिल्या ओळीत असतो. गाता गाता ते थांबतात, दोन वाक्यं साधी बोलतात, समोरच्या फुटाणेवाल्याची थट्टा करतात आणि पुन्हा सूर धरतात. खोटा आळ आलेल्या एका निर्दोष माणसाची साक्ष त्याच्या मागून फाटलेल्या सदऱ्यानेच दिली, हा प्रसंग ते दर वर्षी आळवतात आणि दर वर्षी मी डोळे पुसतो. तोच प्रसंग देवाने मला एकदा कामावर दाखवला.

मी इथे तांता शहरात, एका इस्पितळात, एमआरआयच्या यंत्रावर असतो. डॉक्टर नाहिद आमच्याकडे खिन्न झालेल्या, स्वतःलाच इजा करून घेणाऱ्या मुलामुलींच्या मेंदूचा अभ्यास करतात. साठ मुलं. उपचाराआधी एक चित्र, सहा महिन्यांच्या उपचारानंतर दुसरं.

पंधरा वर्षांची रीहाम त्यांतलीच. सहा महिन्यांत तिने स्वतःला एकदाही इजा केली नव्हती. तरी तिची आई तफीदा रोज संध्याकाळी तिचं दप्तर, खिसे, उशीचा अभ्रा उलटापालटा करायची. शेवटी डॉक्टरांसमोर ठरलं, की दुसऱ्या चित्राच्या दिवसापर्यंत सगळं नीट राहिलं तर झडती कायमची बंद. रीहाम त्या दिवसाची वाट बघत होती.

तो दिवस आला. ती सांगितल्याप्रमाणे साधा सुती झगा घालून आली.

"सब्रीकाका, आज गेल्या वेळेसारखं गुणगुणू नका हं. मला आतून ऐकू येतं."

"इतकं वाईट गातो का मी?"

"वाईट नाही. लांब गाता."

मी हसत होतो, तेवढ्यात नर्स इकबालने, यंत्राच्या चुंबकापाशी धातू चालत नाही म्हणून, धातू हुडकणारी दांडी तिच्या अंगावरून फिरवली आणि गुडघ्यापाशी दांडी वाजली. पुन्हा फिरवली, पुन्हा वाजली.

तफीदाच्या हातातली फुटाण्यांची पुडी चुरगळली. "काय लपवलंयस?"

"काही नाही, आई."

"मग हे वाजतंय काय? सहा महिने मला फसवत होतीस?"

मघाशी थट्टा करणारा रीहामचा चेहरा उतरला. ती पडद्याआड गेली, इस्पितळाचा अंगरखा घालून आली आणि झगा तिने आईच्या हातात दिला. "घे. शोध."

इकबालने दांडी झग्यावरून नेली. घेराच्या शिवणीत, बोटाच्या पेराएवढ्या जागी, ती वाजली. तफीदाने शिवण उजेडात धरली. निळ्या कापडावर हिरवे टाके होते, बारीक, एकसारखे. ती बघत राहिली.

"टाका माझा आहे," ती हळूच म्हणाली.

मी शिवण उसवली. आतून चामड्याचा ताईत निघाला, आणि त्यात पत्र्याची पातळ नळी.

"गेल्या आठवड्यात दर्ग्याजवळ घेतला," तफीदा खाली मान घालून म्हणाली. "एवढं मोठं यंत्र पोरीच्या डोक्यात बघणार. त्याची नजर लागू नये म्हणून शिवला. आत नुसता कागद असेल असं वाटलं मला."

"बाई, यंत्राची नजर काढायला यंत्रातच लोखंड पाठवत होता तुम्ही," मी म्हणालो.

रीहामचे ओठ हलले. "आई, आता तुझी झडती घ्यायची का? पर्स उघड बघू."

आधी इकबाल हसली, मग रीहाम, आणि तफीदा हसता हसता रडली. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "चुकलं माझं, पोरी."

"ठरलंय ते ठरलंय ना?"

"ठरलंय."

रीहाम आत गेली. चाळीस मिनिटं यंत्र ठोकत होतं आणि ती जराही हलली नाही. पडद्यावर चित्र स्वच्छ उमटलं. त्यात दुःख किती नि सुख किती, हे मला वाचता येत नाही. एका चित्रावरून डॉक्टरांनाही येत नाही, साठांची चित्रं शेजारी ठेवून त्या हिशेब लावतील. मी माझं काम केलं, आणि गुणगुणलो नाही.

बाहेर बाकावर तफीदाशेजारी रीहामचं दप्तर होतं, चेन अर्धी उघडी. थोड्या वेळाने तिने ते उचललं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"तुमच्यापाशी राहू दे, सब्रीभाई. माझ्या हाताला सवय आहे."

मग चुरगळलेल्या पुडीतले फुटाणे तिने माझ्यापुढे केले. मी मूठभर घेतले.