मालिशच्या खोलीतला लोड

मी लोड बोलतोय. बोलायची हौस म्हणून नाही. लोडाने पडून राहावं आणि लोकांनी त्याच्यावर रेलावं, एवढंच आमचं काम. पण ही मालिशताई येईल त्या बाईला माझी गोष्ट सांगते, दर वेळी थोडं तिखटमीठ लावते आणि शेवटी माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणते, "खोटं वाटत असेल तर याला विचारा!" विचारा म्हणे! म्हणून एकदाचं खरं काय ते सांगून टाकतो. धपाटे तरी थांबतील.

माझा जन्म गादीवाल्याच्या दुकानात झाला. गाद्या भरून उरलेला कापूस त्याने पायाने दाबून दाबून माझ्या पोटात कोंबला. "हा फाटेल, पण दबायचा नाही," म्हणाला. तसाच निघालो. माझा स्वभाव कडक आहे अशी तक्रार असेल, तर ती त्याच्याकडे करा.

मालिशताईने मला घेतलं ते खास पोटुशा बायकांसाठी. तिची एकच खोली. खिडकीखाली पलंग, कोपऱ्यात गरम पाण्याचं घमेलं, फळीवर तेलाच्या बाटल्या. पोटुशी बाई आली की ती तिला पालथी निजू देत नाही. दिवस भरत आले असतील तर फार वेळ उताणीही नाही. कुशीवर वळवते, गुडघ्यांमध्ये मला सारते, वरचा पाय माझ्यावर टेकवते. मग कंबर कशी सैल पडते, ते त्या बाईच्या उसाशावरून कळतं. पोटाला ताई हात लावत नाही, पोटऱ्यांवर जोर देत नाही. "डॉक्टरांना विचारलंत ना?" हे आधी विचारते. सगळ्या "हो हो" म्हणतात. खरंच विचारलेलं असतं किती जणींनी, देव जाणे.

ताईच्या दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. गार हात लागला की बाई दचकते, म्हणून ती मधूनमधून घमेल्यात हात बुडवून ऊन करून घेते. आणि कंबर झाली, पायांची पाळी आली की माझा धुतलेला अभ्रा काढून तेलकट जुना चढवते. अभ्रा बदलताना मला हनुवटीखाली धरते, गाल माझ्यावर दाबून. दोन हात तरी कुठे कुठे पुरणार?

एकदा एक तिकीटवाली आली. दिवसभर तिकीट खिडकीमागे बसून काम करणारी, सातवा संपत आलेला. सोबत तिची सासू. आता या सासूबाईंचं बघा. ताई विचारतेय सुनेला आणि उत्तरं देतायत या.

"कुठे दुखतं गं?"

"कंबर. आणि पाय भरून येतात तिचे."

"दोन्ही?"

"पायच ते, दोन्ही दुखणार! या दिवसांत कुणाचे सुजत नाहीत? आम्हाला काय झालं नव्हतं का?"

तिकीटवालीने तोंड उघडलं आणि मिटलं. मी पाहिलं. ताई तेलाची बाटली काढत होती, तिने नाही पाहिलं.

पोरीने ढगळ पायजमा घातला होता. कुशीवर वळली, पाय माझ्यावर ठेवला. आजवर कितीतरी पाय झेलले मी, पण असा नव्हता. जड, ताठ आणि इतका ऊन, की मला वाटलं कुणी इस्त्रीच टेकवली. ओरडावं म्हटलं तर तोंड कुठाय? ताईचे हात घमेल्यातून निघालेले, त्यांना कसली ऊब लागतेय!

कंबर झाली. सासूबाई पदर सावरून पुढे सरकल्या. "आता ती पोटरी चांगली रगड. गोळा आलाय म्हणते. जोर लाव, मोडला पाहिजे."

ताईने मला ओढून हनुवटीखाली धरलं. अभ्रा अर्धा निघाला आणि ती थांबली. गाल उचलला, परत टेकवला.

"अगं, हा एका अंगाने एवढा कसा तापला?"

तिने घमेल्याला पाठ केली, नळाखाली हात गार करून पुसले आणि पायजमा वर सारून दोन्ही पोटऱ्यांना उलटा हात लावला. डावी लालसर, चकाकणारी, दुसरीच्या दीडपट.

"काकू, जरा बाहेर बसता?"

"का? माझ्यासमोर सांगायला काय झालं?"

"तुम्ही बसा तर खऱ्या."

त्या दारापर्यंतच गेल्या. पण तेवढ्यात पोर बोलली, "ताई, हा एकच पाय दुखतोय. परवापासून. टेकवतही नाही."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"आई बोलत होत्या ना."

ताईने बाटलीला बूच लावलं. "याला मी हात लावणार नाही. तूही चोळू नकोस, कुणाला चोळू देऊ नकोस. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

झालं! सासूबाई दारातून परत आत. "एवढी गाडी करून आणली ती काय हात हलवत परत न्यायला? मालिशवाली आहेस ना तू?"

"आहे, म्हणूनच सांगतेय."

"या मेल्या दगडानेच तिच्या पायाला रग लावली!" असं म्हणून त्यांनी मला उचललं आणि भिरकावलं. मी थेट घमेल्यात. गरम पाण्यात, अर्ध्या अभ्र्यासकट.

शेवटी गेल्या दवाखान्यात. तपासलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रगडलं असतं तर ती सुटून छातीत जाऊ शकली असती, मग आई नाही आणि बाळही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. पोरीने पुढे रोज रक्त पातळ ठेवायची सुई टोचून घेतली. बाळ झालं. धडधाकट, रडकं.

माझ्या कापसाच्या मात्र गाठी झाल्या. गच्चीवर वाळवलं, काठीने बडवलं, पण गाठी बसल्या त्या बसल्या. आता कुशीला एक नवी मऊमऊ उशी असते. मी नुसता भिंतीला. बायांनो, मला टोचतो म्हणता ते म्हणा, पण दुखतंय तुम्हाला तर तोंड तुम्ही उघडा. एकच पाय सुजला, तापला, तर तेल लांब ठेवा. एवढ्यासाठी मी भिजलो.

परवा सासू, सून, बाळ, सगळी आली होती. सासूबाईंनी ताईचे हात धरले, डोळे पुसले, "चुकले गं" म्हणाल्या. मग बाळाला मांडीवर घेऊन ऐसपैस माझ्यावरच रेलल्या. "छान कडक आहे हो हा, पाठीला बरं वाटतं," म्हणाल्या. ताईची माफी मागून झाली. माझी? अजून वाट बघतोय. विसरलो नाही मी. तिकीटवालीची सासू, पक्की लक्षात आहे.