मैदानाच्या दुसऱ्या टोकाला

"ऐकू नाही आलं!" मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या कोचबाई ओरडल्या. "परत! काय हवंय तुम्हाला?"

"नोकरी," थोरली म्हणाली.

"काय? भाकरी?"

थोरलीला हसू आलं, पण आवाज काही फुटला नाही.

पन्नाशीच्या आसपास ज्यांचं गाडं अडतं, त्यांना पुन्हा वाटेला लावणं हे कोचबाईंचं काम. धाकट्या बहिणीनं तिला जवळजवळ ढकलूनच इथं पाठवलं होतं. गुबगुबीत खुर्ची असेल, उपदेशाचे दोन घोट पाजतील, अशी थोरलीची समजूत. पण तिचं पहिलंच वाक्य ऐकून कोचबाईंनी कानामागे हात धरला होता. "घरात कुणी आजारी होतं का हो?"

आई होती. कितीतरी वर्षं. साधा चमचा पडला तरी दचकून जागी व्हायची, मग डोळ्याला डोळा लागत नसे. थोरलीनं शाळेतली खेळाच्या शिक्षिकेची नोकरी सोडली, आणि कधी ते कळलंही नाही, पण आवाजही सोडला. आई गेली, तरी ही कुजबुजतच राहिली. दुकानदारानं "काय म्हणालात?" विचारलं, की बोटानं वस्तू दाखवून मोकळी.

उद्या त्याच शाळेत तिला मैदानावर वर्ग घेऊन दाखवायचा होता. जमलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा ते मुकं घर.

"शिट्टी वाजवेन की मी," ती पुटपुटली.

कोचबाई अख्खं मैदान ओलांडून आल्या. "शिट्टी कुणीही फुंकतं. अडतंय कुठे, ते सांगा."

"ओरडायला गेलं की वाटतं, आई दचकेल."

कोचबाई म्हणाल्या, "दचकू दे. लेकीचाच तर आवाज आहे." आणि पुन्हा कुंपणाकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मैदान डोक्यावर घेतलं होतं. थोरलीच्या सूचना पहिल्या रांगेपलीकडे पोचत नव्हत्या. मुख्याध्यापिका वरच्या खिडकीतून बघत होत्या. कशीबशी शर्यत सुरू झाली आणि पार टोकाला एक मुलगी धडपडली. गुडघा धरून बसूनच राहिली. बाकीचे पुढे निघून गेले.

"ऊठ!"

थोरलीलाच कळेना, कोण ओरडलं. इतकी वर्षं आईच्या उशापाशी वाकून, हळूच म्हटलेला शब्द होता तो. आज त्याला दहा घरं ऐकू जातील एवढं बळ आलं होतं.

"ऊठ गं! काही झालेलं नाही! पळ!"

सगळं मैदान थबकलं. पोरगी उठली. लंगडत निघाली, मग पळत सुटली, आणि शेवटून पहिली येऊनही दोन्ही हात वर करून आली.

"बाई!" वरून मुख्याध्यापिकांचा आवाज आला. "सोमवारपासून या! पण जरा हळू, इथं पेपर चाललाय!"

"बरं!" थोरली खालूनच गरजली, आणि पोरं खो खो हसली.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. दोन शब्द ऐकले आणि ती चपापलीच.

"ताई, घसा किती बसलाय तुझा! रडत होतीस ना? आईची आठवण आली?"

"आली," थोरली घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण रडत नव्हते गं. ओरडत होते."