कोठीतली बॅटरी

माझ्या नवऱ्याला, ओमेशला, प्रत्येक अडचणीवर उपाय ठाऊक असतो. तो उपाय निस्तरायचं काम तेवढं माझं.

आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावला, मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते. सकाळ-संध्याकाळ भाताचे डेग उतरवून कंबर मोडून जाते. आधी एस.टी.ची वाट बघा, मग फाट्यापासून पायी या, असं होतं. बॅटरीवर चालणारी दुचाकी गाडी घेतली आणि जीव थोडा सैल झाला. आता गावात घरोघरी तशा गाड्या आहेत, पण माझं दिवसातलं खरं बसणं म्हणजे त्या गाडीवरचंच.

परतीच्या पावसात नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. त्यात माझी गाडी बंद पडली, मागून येणाऱ्या बिसरामचीही पडली. बिसराम आमचा शेजारी. दोघांनी गाड्या ढकलत घरी आणल्या. गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने फोनवर बजावलं की भिजलेली बॅटरी घरात ठेवू नका, चार्जिंगला लावू नका, काढून बाहेर मोकळ्यावर ठेवा आणि उन्हं पडली की आणून दाखवा.

ओमेशचा मोबाइल एकदा धानाच्या बांधीत, पाण्यात पडला होता आणि तांदळात ठेवल्यावर सुरू झाला होता. मग बॅटरी का नाही होणार? त्याने ती कोठीत, धानात खोल खुपसली. मी मिस्त्रीचं सांगितलं, तर म्हणाला, मिस्त्रीला धंदा हवा आहे. वाद घालायला माझ्या अंगात त्राण नव्हतं. वर त्याने हीच युक्ती बिसरामलाही सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक उरकून दुपारी मी फाट्यावरून पायी घरी आले, तर कोठीच्या खोलीतून धूर निघत होता. आत कुकरसारखी शिट्टी वाजत होती. आधी सासूबाईंना बाहेर ओढलं. मग शेजारपाजारचे धावले. पाणी, रेती, जे हाताला लागलं ते टाकलं. आग विझली. कुणाला काही झालं नाही. अर्धं धान मात्र काळं झालं आणि उरलेलं भिजलं.

अंगणात गाव जमलं. गाडीची बॅटरी पेटली, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. जो तो गाडीलाच शिव्या देत होता. या गाड्या म्हणजे दारात बॉम्ब, कंपनीवाले लुटतात, असं चाललं होतं. गाडी बिचारी कडुनिंबाखाली उभी होती, तिला धगसुद्धा लागली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सासूबाई म्हणाल्या, "गाडी इकून टाका. नाई त मी या घरात राहात नाई."

मी ओमेशकडे पाहिलं. "बॅटरी धानात मी ठेवली," एवढं एकच वाक्य त्याने बोलायचं होतं. तेवढ्याने गाडी वाचली असती आणि माझे पायही. तो काडीने अंगणातली माती उकरत बसला. मीच बोलले असते, पण गावासमोर नवऱ्याला उघडं पाडायचं, वर घरात त्याचा रुसवा काढायचा. तेवढी ताकद आणायची कुठून? जाऊ दे गाडी, असं मनात आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

बिसरामची बायको मंजू उठली. स्वयंपाक राहिलाय म्हणाली. जाता जाता बोलली, "आमचीबी भिजली ना. पण ठेवली हाय कोठीत वाळाले."

ओमेशचा चेहरा पडला. तो ताडकन उठला.

"मंजू, घरात जाऊ नको. पोरायले बाहेर काढ," तो म्हणाला. "आमची बॅटरी मीच कोठीत ठेवली होती, धानात. म्हणून जळली. गाडीचा काई दोष नाई."

तो अनवाणीच बिसरामच्या घराकडे पळाला.

गाडी वाचली होती. बिसरामचं घर डोळ्यांपुढे आल्याबरोबर त्याचं तोंड उघडलं. मी इतका वेळ समोर बसून होते, तेव्हा नव्हतं उघडलं. मी पदर खोचला, बादली उचलली आणि दुखऱ्या पायांनी त्याच्यामागे निघाले.