निळी आणि तपकिरी

मास्तरांनी बटण दाबलं, लाल दिवा लागला, काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, आणि खोकं किंचाळलं. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं. स्वयंपाकघरातून बायको धावत आली.

"अहो, काय चावलं त्याला?"

"नवीन आहे," मास्तर म्हणाले. "घसा साफ करतंय."

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. चाळीस वर्षं कोट-पँटी शिवल्यावर त्यांनी लेकीसाठी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला होता, तोही जुन्या पद्धतीचा, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्हवाला. सुट्या भागांचं किट टपालाने आलं, सोबत पुस्तिका. सुईला सरावलेल्या हाताला सोल्डरिंग झकास जमलं. टाके इतके एकसारखे पडले की लेकीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. आज रविवार होता. लेक संध्याकाळच्या गाडीने नोकरीच्या गावी परतणार होती, आणि जाताना तिने हे खोकं सोबत न्यावं एवढीच मास्तरांची इच्छा होती.

तशी आणखी एक इच्छा होती. कोणाला काही कळू नये, ही. गेल्या सहा महिन्यांपासून मास्तरांना निळ्या आणि तपकिरी रंगातला फरक दिसेनासा झाला होता. मोतीबिंदू असणार हे त्यांना कळत होतं. पण डोळ्याला पातं लागणार या नुसत्या विचाराने, आयुष्यभर कात्री चालवलेला हा माणूस दवाखान्याची गल्लीसुद्धा टाळायचा. म्हणून त्यांनी युक्ती काढली. परीक्षा घ्यायची! दुकानात कारागिरापुढे रीळ धरायचं, "सांग बघू, कुठला रंग?" घरी बायकोपुढे वायर धरायची, "ओळख पाहू!" कारागीर बिचारा मन लावून उत्तर द्यायचा. एकदा निळ्या पँटीला तपकिरी दोरा लागला, तेव्हा गिऱ्हाइकाची बोलणी त्यानेच खाल्ली. बायको म्हणायची, "या वयात माझी बालवाडी काढलीय यांनी." अ‍ॅम्प्लिफायरच्या सगळ्या वायरी अशा परीक्षा घेऊनच जागेवर बसल्या. फक्त मोठा ट्रान्सफॉर्मर जोडायच्या दिवशी बायको बहिणीकडे गेली होती आणि मास्तरांना धीर निघाला नाही. दोन वायरी त्यांनी अंदाजाने जोडून टाकल्या.

लेकीने आवाजाचं बटण शून्यावर आणलं. किंचाळणं चालूच. किटमध्ये आलेला जादा व्हॉल्व्ह लावून पाहिला. तेच. शेवटी तिने हात टेकले आणि किटवाल्याला फोन लावला.

"शून्यावर असूनही ओरडतोय?" स्पीकरवर किटवाला म्हणाला. "मग ट्रान्सफॉर्मरची निळी आणि तपकिरी वायर उलटसुलट लागली असणार. बाहेर जाणाऱ्या आवाजाचा थोडा भाग मागे येऊन सगळ्याला आवर घालतो. वायरी उलटल्या की तोच भाग चिथावणी द्यायला लागतो. अदलाबदल करा, गप्प बसेल."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ते शक्यच नाही," लेक हसून म्हणाली. "माझे बाबा टेलर आहेत. काळ्यातला काळा वेगळा काढून दाखवतील. दुसरं काहीतरी असेल."

"मग ट्रान्सफॉर्मरच खराब असेल. काढून पाठवा, महिन्याभरात बदलून देतो."

लेकीने प्लग काढला, आत साठलेली वीज उतरवली, मीटर लावून खात्री केली आणि खोकं उलटं करून सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. पुस्तिका उघडून बघायची गरजही तिला वाटली नाही. मास्तर खुर्चीत बसून बघत होते. दहा मिनिटं गप्प राहिलं की काम भागत होतं. चांगला ट्रान्सफॉर्मर खराब ठरून परत जाईल, लेक रिकाम्या हाताने जाईल, आणि डोळ्याचं कोणाला कळणार नाही. पण लेकीचा तो विश्वास चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"थांब," ते म्हणाले आणि एका वायरीवर बोट ठेवलं. "ही कोणती गं?"

"झाली परीक्षा सुरू!" बायको दारातून म्हणाली.

"परीक्षा नाही. खरंच विचारतोय. मला दिसत नाही."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग वायरीकडे, मग पुस्तिका ओढून घेतली. "ही तपकिरी आहे, बाबा. इथे निळी हवी होती."

बायकोला आधी राग आला, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा राग आला. "म्हणजे ती बालवाडी! आणि त्या गिऱ्हाइकाच्या निळ्या पँटीला तपकिरी दोरा? तो तुम्ही कारागिराच्या माथी मारलात ना?"

"उद्या सकाळी त्याची माफी मागतो," मास्तर म्हणाले.

वायरींची अदलाबदल पाच मिनिटांत झाली. बटण दाबलं, दिवा लागला, आणि काहीच झालं नाही. मास्तर घाबरले. मग लेकीने एक तार छेडली, आणि असा भरदार, गोड सूर निघाला की कपाटातले पेले वाजले. बायकोनेसुद्धा हातातलं फडकं खाली ठेवलं.

"घेऊन जा हो," मास्तर म्हणाले. 

"नाही नेणार. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या, आणि मग तुम्हीच घेऊन या. तोवर इथेच राहू दे."

बायको फोनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागलीसुद्धा. मास्तर तिच्या शेजारी जाऊन बसले.

"फार दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," बायको म्हणाली. "पण मी दाराबाहेरच बसेन."