एकतीस नावं

"दोनशे लिही," तात्याराव म्हणाले.

"एकतीस हायत, भावजी. घरोघर जाऊन बघितलंय मी," सुमनबाईनं वहीतून मान वर काढली नाही.

"एकतीस आजाऱ्यांवर कोण हातपंप देतंय? आन् पिराजीबी नारूनंच गेला म्हणून लिही."

"त्यो दम्यानं गेला. एक खोटं निघालं तर खरी एकतीस नावं वाया जातील."

सुमनबाई बौद्ध वस्तीतल्या बालवाडीची बाई. सातवी शिकलेली, नवरा गेल्यापासून दीर तात्यारावांच्या घरात राहणारी. १९८३चा उन्हाळा होता. वस्तीतल्या माणसांच्या पायांतून नारूचे दोऱ्यासारखे किडे निघत होते. वस्तीला पाणी एकच, बारवेचं. पायऱ्या उतरून, पाय बुडवून घागर भरायची. गावाच्या आडात कुणी उतरत नसे, पाणी पोहऱ्यानं वर येई. तो आड वस्तीपासून चाळीस पावलांवर. पण तिथं वस्तीला भरू देत नसत. आणि आडाचं पाणी पिणाऱ्या एकाही घरात नारू नव्हता. हे तिनं शेवटच्या पानावर लिहिलं. तिच्या लेखी खरा पुरावा तोच होता.

तिनं ते वाचून दाखवलं तसा तात्यारावांचा चेहरा उतरला.

"ते पान फाड. गावच्या गौडा-पाटलाच्या शेतावर कामाला हाय मी. हे कळलं तर उद्या बांधावर उभं करतील का मला?"

तिनं पान फाडलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर वीरभद्रप्पांनी यादी दोनदा वाचली. "यादी चांगली केलीय, अक्का. पण नारू बारवेमुळंच, हे कशावरून?"

शेजारी बसलेले तात्याराव खाली बघत होते. सुमनबाईनं शेवटचं पान पुढं सरकवलं.

"हेच पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले. "मग आडाचं पाणी का नेत नाही तुम्ही?"

"भरू देत न्हाईत, साहेब."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी दाराकडं पाहून आवाज खाली आणला. "हे लिहिलं तर चौकशी लागेल. पंप राहील बाजूला. आड मैलभर लांब आहे, असं लिहितो."

"चाळीस पावलं हाय."

"पंप पाहिजे ना, अक्का?"

दिराची थोरली पोर नारूनं तीन दिवस घरात पाय धरून पडली होती. तात्यारावांनी टेबलाखाली हात जोडले होते. दार उघडं होतं, तरी सुमनबाईला कोंडल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी लिहिलेल्या अहवालावर तिनं सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात हातपंप आला. दोन वर्षांत वस्तीतला नारू गेला. मग एक दिवस डॉक्टरांनी अहवालाची नक्कल टपालानं पाठवली. पंपावर बायका जमल्या.

"वाच की, बाई," इंदिराबाई म्हणाली.

सुमनबाईनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं. ज्या घरातलं नाव येई, त्या घरची बाई "व्हय" म्हणे. एकतीस झाली. तिनं पान उलटलं. वरच 'आड मैलभर लांब' असं होतं. ती थांबली.

"पुढं काय लिहिलंय?"

सुमनबाईनं कागदाची घडी घातली.

"पुढचं साहेबाचं हाय," ती म्हणाली, आणि पंपाचा दांडा ओढू लागली.